सावकाश जेवणारे दोघे

छापखान्यातला मशीनवाला पूर्वी जेवायला बसला की पाच मिनिटांत डबा चाटूनपुसून साफ करायचा. वजन कमी करायचं ऑपरेशन झालं आणि सगळंच पालटलं. आता जेवण वाटीभरच, पण एकेक घास बारीक चावून खाताना अर्धा तास जायचा. बाकीचे हात धुऊन निघून जात. टेबलावर उरायचे फक्त बाइंडिंगवाले मामा, कारण कवळीमुळे त्यांचंही जेवण रेंगाळायचं.

सात महिन्यांत एकतीस किलो उतरले आणि मग काटा जो अडून बसला, तो तीन आठवडे हलेचना. मशीनवाल्याचा धीर सुटला. एके दिवशी तो डबा न घेताच कामावर आला आणि जेवणाच्या सुट्टीत बिस्किटांचा पुडा घेऊन मशीनपाशीच उभा राहिला.

मामा शोधत आले. "काय रे, आज जेवायचं नाही?"

"काय उपयोग, मामा? काटा ढिम्म हलत नाही."

"काट्याचं तू आणि डॉक्टर बघा. मी अकरा वर्षं त्या टेबलावर एकटा जेवलोय. आत्ता कुठे सोबत मिळाली, तर तू दांडी मारतोस?"

त्याला हसूच फुटलं. पुडा तसाच ठेवून तो मामांच्या मागोमाग गेला. मामांनी आपल्या डब्यातलं उकडलेलं अंडं त्याच्यापुढे सरकवलं आणि नातीच्या खोड्या सांगायला घेतल्या. अंडं संपायला वीस मिनिटं लागली, आणि ती मजेत गेली.

काटा हलायला आणखी नऊ दिवस लागले. तेवढ्या दिवसांत मशीनवाल्याने एकदाही दांडी मारली नाही.