एकाच डोळ्याचं पाणी

"रफू झकास झालाय, पण काळ्या कोटाला निळा दोरा?" गिऱ्हाइकाने कोट खिडकीच्या उजेडात धरला. मी माफी मागणार, तोच ते म्हणाले, "असू दे. वहिनींना जाऊन महिनाच झालाय. डोळ्यांची काय दशा करून घेतलीय तुम्ही."

महिनाभर सगळे हेच म्हणत होते. डोळा लाल, पाणी थांबेना, उजेड सोसेना. मीही तेच धरून चाललो. बायको गेल्यावर माणूस रडणारच, त्यासाठी डॉक्टरकडे काय जायचं? पण आता सुईत दोरा ओवता येत नव्हता. तीस वर्षं याच डोळ्यांच्या जिवावर घर चाललं. दुसरं काही मला येत नाही.

संध्याकाळी मुलगी आली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"बाबा, आईसाठी एकाच डोळ्याने रडताय होय?"

"म्हणजे?"

"डावा ठणठणीत आहे तुमचा. आई असती तर पहिल्याच दिवशी कान धरून दवाखान्यात नेलं असतं."

दुसऱ्या दिवशी तिनेच नेलं. डॉक्टरीणबाईंनी उजव्या डोळ्यात पिवळं औषध घातलं, निळ्या दिव्याखाली पाहिलं आणि जुनी फाइल काढली.

"नऊ वर्षांपूर्वीचाच पाहुणा आहे. हा विषाणू अंगातून जात नाही. नसेत झोपून राहतो. थकवा, जागरण, ताप, काहीतरी निमित्त होतं आणि उठतो. आणखी थांबला असतात तर कठीण होतं."

"दोरा ओवता येईल?"

"येईल. बुबुळाच्या मधोमध पोचलेला नाही अजून. पण थेंब दिवसातून पाच वेळा, न चुकता. मागच्या वेळी कोण घालायचं?"

"हिची आई घालायची," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर छातीवरचा धोंडा उतरला. इतकं हलकं वाटलं की थोडी लाजच वाटली.

"आता बरे व्हा," मुलगी म्हणाली, "मग रडा हवं तेवढं. दोन्ही डोळ्यांनी."

घरी येऊन मी खाटेवर आडवा झालो. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा कानात. बाटली जवळ आली की माझा डोळा मिटतोच. बायको तळहाताने माझं कपाळ दाबून धरायची.

"द्या इकडे," मुलगी म्हणाली.

"राहू दे. रोज पाच वेळा तू कुठून येणार?"

मी डावा हात कपाळावर ठेवून दाबला.

"अहो, वर बघा," मी हळूच म्हणालो, आणि वर बघितलं.

थेंब गार लागला.