उजव्या नालीतली गाडी

"काकू, गाडी उजव्या नालीत गेली! मोटर बंद करा!"

शेजारच्या व्हिडिओ गेमच्या दुकानातून कैलास ओरडला आणि मनकर्णाबाईंनी पिठाळ हात बटणावर मारला. सिंदीतली त्यांची पिठाची गिरणी थांबली. रस्त्यावर मात्र गाडी नव्हती, बैलबंडीसुद्धा नाही. गाडी होती कैलासच्या टीव्हीतल्या खेळात.

सांगतो. साल शहाण्णव. कमी व्होल्टेजने बाईंच्या दोन मोटरी जळाल्या होत्या. भिंतीवरच्या व्होल्टेज दाखवणाऱ्या मीटरचा काटा पिठात असा रुतला होता की वीज गेली तरी हलत नसे. दीर प्रभाकरराव म्हणाले, "वहिनी, तिसरी जळली तं कुलूप लावतो. चपलेचं दुकान टाकतो इथं."

नवऱ्यामागे बाईंनी एकटीने गिरणी चालवली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "जळू देईन तवा न."

कैलासकडे टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर होता. पोरांनी त्याची जॉयस्टिक अशी पिळली की दांडा उपटून हातात आला. जॉयस्टिक लावायच्या त्या मोकळ्या खाचेत कैलासने गिरणीच्या लाइनची वीज, छोट्या ट्रान्सफॉर्मरने बारीक करून, जोडली. कॉम्प्युटर आणि टीव्ही स्टॅबिलायझरवर.

"आत एक मडकं हाये समजा, काकू. विजेत जोर असला तं झटकन भरते, गाडी डावीकडे. जोर नसला तं भरता भरत नाई, गाडी उजवीकडे. बरोबर असला तं मधोमध."

"उजवं अशुभ? उलट्या पायाचं हाये तुयं मशीन!"

पण टीव्हीचं तोंड गिरणीकडे वळलं ते वळलंच. लोक डबा ठेवण्याआधी गाडी बघत. एका म्हातारीने तर काचेवर गाडीला कुंकू लावलं. मी पाहिलंय, तुमची शपथ.

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. शिवारातले सगळे पंप गव्हाच्या ओलिताला लागलेले. गिरणीतला दिवा चिंचोक्यासारखा लाल. डब्यांची रांग थेट स्टेशनापर्यंत. खोटं वाटलं तर अर्धी धरा. आणि गाडी उजव्या नालीत, हलायला तयार नाही.

"लावा न वं बाई!" रांगेतली धुरपता करवादली. "चकलीची भाजणी हाये, जावई येऊन बसला घरी. पल्याडची गिरणी तं सुरू हाये!"

"जा मंग पल्याड."

ती गेली. अर्धी रांगही गेली. प्रभाकरराव ताडकन उठले. "पोरांच्या खेळापायी गिऱ्हाईक घालवता? सरका, मी लावतो!"

त्यांचा हात बटणावर पोचायच्या आत बाईंनी बोर्डावरचे तिन्ही फ्यूज उपटले, पदरात बांधले, कमरेला खोचले आणि स्टुलावर जाऊन बसल्या.

"लावा आता, भाऊजी."

पल्याडची घरघर ऐकू येत राहिली. मग ती कण्हल्यासारखी झाली. मग थांबली. वाऱ्यावर जळक्या तारेचा वास आला. थोड्या वेळाने धुरपता अर्धी दळलेली भाजणी घेऊन परतली आणि रांगेत उभी राहिली.

उन्हं कलली. एकेक पंप बंद होत गेला. टीव्हीतली गाडी थरथरली, नालीतून वर आली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

मनकर्णाबाईंनी पदराची गाठ सोडली.

जातं फिरू लागलं तेव्हा प्रभाकररावांनी अगदी पुढे ठेवलेला आपल्या घरचा डबा उचलला आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला.