कडूजाईचं बी

साळूबाईच्या दारात दर रविवारी काविळीवरच्या औषधी मुळीसाठी रांग लागायची, पण त्या मुळीचं नाव तीर्थपुरीत कुणालाच ठाऊक नव्हतं. नाव सांगितलं की गुण जातो आणि बी घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, अशी सासूनं शपथ घातलेली. बाईनं ती तीस वर्षं पाळली. दर साली झाडागणिक मुळीचा तुकडा जिभेवर ठेवायची आणि जी जास्त कडू, तिचंच बी धरायची.

२००३ साली जालन्याहून एका कंपनीची जीप आली. आत साहेब आणि वडीगोद्रीची फरजाना, एम.एस्सी. झालेली. एका रोग्याकडची मुळी त्यांनी तपासली होती.

"मावशी, औषध कसं बनवायचं ते मुळीच्या जीनमधी असतंय," फरजाना म्हणाली. "तो जीन आम्ही यीस्टात टाकणार, ज्यानं पाव फुगवतेत ते. मंग टाकीतच औषध तयार व्हतंय. हजारोंचं काम हुईल."

खोटं कशाला बोला, साळूबाईला ते मनापासून आवडलं. तिची झाडं अशी किती जणांना पुरणार? साहेबानं कराराचा कागद पुढं केला.

"कागद वाच, मंग अंगठा देते," ती फरजानाला म्हणाली.

वाचता वाचता फरजाना अडखळली. 'पडीक रानात आपोआप वाढलेलं झुडूप. सर्व हक्क कंपनीचे.'

साळूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पडीक? तीस वर्षं जीभ कडू करून घेतली, ती काय पडीक रानानं? माझं नाव लिवा. अन् मुळी देणाऱ्याला कुणी आडवायचं न्हाई, हे बी लिवा."

"बाई, असलं कागदात बसत नाही," साहेब हसला.

"मंग कागद मोठा आणा."

जीप गेली. बाई दिवसभर धुसफुसत राहिली. घात तर शपथेनंच केला होता. कुणाला काही ठाऊकच नाही, तर हे झाड तिनं घडवलं याला साक्ष कोण देणार?

रविवारी तिनं बियांचं गाडगं ओट्यावर उपडं केलं.

"हिचं नाव कडूजाई," ती रांगेला म्हणाली. "पानं तीनदा खुडल्याबिगर मुळी कडू व्हत न्हाई. मूठमूठ न्या, पेरा. इचारलं तर सांगा, साळूनं दिली."

रांगेच्या शेवटी फरजाना उभी होती, जीपशिवाय, एकटीच आलेली. तिनं बिचकतच ओंजळ पुढं केली.

"घे की. यीस्टात टाक, टाक्या भर. पण आधी लिव, कुणी वाढवलं ते."

फरजानानं वही काढून लिहिलं.

"आता मोठ्यानं वाच," साळूबाई म्हणाली. "समद्यांला ऐकू जाऊ दे."