चाळीस मिनिटांची निवृत्ती

करार झाला. मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी बगदाद आणि कुर्दिस्तान यांच्यात तेलाच्या उत्पन्नाच्या वाटपावर सह्या झाल्या, टीव्हीच्या पडद्याखाली लाल पट्टी धावली, आणि तीन पन्नासला तो झालाच नव्हता. आपणही तो झाला नाही असंच धरून चालू, कारण कागदोपत्री तसंच आहे. कागद लिहिले मामोस्ता सरहंगांनी, आणि त्यांना खोटं बोलायची सवय नाही. फक्त लिहायची आहे.

सरहंग मूळचे हलब्जाचे, भूगोलाचे मास्तर. म्हणून सगळे त्यांना मामोस्ता म्हणत. अकरा वर्षांपूर्वी अक्षर चांगलं म्हणून त्यांना शिष्टमंडळाबरोबर इतिवृत्त लिहायला तीन आठवड्यांसाठी बगदादला नेलं. नेमणुकीच्या पत्रात मुदतीपुढे लिहिलं होतं, 'वाटाघाटी पूर्ण होईपर्यंत'. ते वाचून त्यांनी बायकोला सांगितलं होतं की कदाचित दोन आठवड्यांतच परत येईन.

आता ते चौसष्टचे होते. बरोबरीचे मास्तर निवृत्त होऊन नातवंडं खेळवत होते. दोघे तर वारलेही, पण निवृत्त होऊन, रीतसर. सरहंगांचं निवृत्तीचं पत्र टाइप होऊन, सही-शिक्क्यासह फायलीच्या शेवटच्या पानाला टाचणीने लावलेलं होतं. त्यात एकच जागा रिकामी होती: वाटाघाटी संपल्याची तारीख. टाचणी गंजून तिचा नकाशा कागदावर उमटला होता. भूगोलाचे मास्तर असल्यामुळे सरहंग कधीकधी तो बघत बसत.

हलब्जाला त्यांची डाळिंबाची चाळीस झाडं होती. दोन सरकारांच्या अंदाजपत्रकाचा मोसम आणि डाळिंबाचा मोसम एकच. त्यामुळे अकरा तोडण्या त्यांच्याशिवाय झाल्या. बायको, गुलाला, एकटी जमतील तेवढी उतरवायची. उरलेली झाडावरच फुटायची. फुटलेल्या डाळिंबांचा फोटो ती दर वर्षी पाठवायची, खाली एक अक्षर न लिहिता.

तर त्या मंगळवारी सकाळी नेहमीप्रमाणे बैठक सुरू झाली. कुर्दिस्तानच्या बाजूने काक लुकमान ('काक' म्हणजे दादा) म्हणाले, "आधी पैसे द्या, मग तेल." बगदादच्या बाजूने अबू मुहन्नद म्हणाले, "आधी तेल द्या, मग पैसे." या दोन वाक्यांचे सरहंगांनी रबरी शिक्के करून घेतले होते. त्यांनी ते मारले. पाठोपाठ तीन वेळा चहा झाला.

जेवायला सगळे नदीकाठच्या हाजी जब्बारच्या हॉटेलात गेले. निखाऱ्यावर भाजलेला मासा, नान, लोणचं. इथे सांगितलं पाहिजे की सहा वर्षांपूर्वी 'तुम्ही हे जेवताना कबूल केलं होतं' यावरून दोन महिने भांडण झालं होतं. तेव्हापासून नियम असा की जेवतानाचं बोलणंही लिहायचं, दोन प्रतींत. म्हणून सरहंगांच्या एका हातात नेहमी मासा असे आणि दुसऱ्यात पेन.

जेवण संपलं. हाजी जब्बार बिल घेऊन आला. सकाळभर एक दिनार सोडायला तयार नसलेले दोघेही उठून उभे राहिले.

"बसा, काक लुकमान. माझ्या शहरात माझ्यासमोर खिशात हात घालायचा नाही."

"घातला. हा बघा."

"लोक काय म्हणतील? कुर्दांना जेवायला बोलावलं आणि त्यांच्याच खिशातून जेवलो?"

"मागच्या महिन्यात तुम्हीच दिलं होतंत, अबू मुहन्नद. आम्ही काय अनाथ आहोत?"

"आजचं सगळं मी दिलं नाही," अबू मुहन्नद शांतपणे म्हणाले, "तर माझ्या बायकोला तलाक."

ही शपथ उगाच घेत नाहीत. म्हणजे घेतात उगाचच, पण पाळावी लागते.

काक लुकमानांनी मिशी पुसली. "मग माझंही ऐका. आजचं सगळं मी दिलं नाही, तर माझ्याही."

आता एकाने दिलं की दुसऱ्याचा संसार मोडणार. दोघांच्या बायकांना अर्थातच यातलं काही माहीत नव्हतं. हाजी जब्बारने दोघांकडे पाहिलं, बिलाकडे पाहिलं आणि मोठ्या जड अंतःकरणाने तोडगा काढला. "दोघांनीही सगळं द्या. दोन्ही घरं वाचतील."

दोघांनी दिलं. सरहंगांनी लिहिलं: 'खर्चाबाबत: संपूर्ण भार आपण उचलू, दुसऱ्या बाजूस एक दिनारही पडू देणार नाही, असे दोन्ही बाजूंनी शपथेवर सांगितले.' लिहिताना माशाचं तेल कागदांना लागलं, म्हणून वाळायला त्यांनी ती दोन पानं फायलीत सगळ्यात वर ठेवली.

चूक एवढीच. कारण रोज बैठकीनंतर इतिवृत्तावर सह्या करायची पद्धत अशी की आधी कोणी सही करायची नाही. जो आधी करतो तो नमला. त्यामुळे एका कारकुनाने फायलीतली सगळ्यात वरची दोन पानं दोघांसमोर ठेवायची, 'हं' म्हणायचं आणि दोघांनी एकदमच पेन टेकवायचं. अकरा वर्षं दोघांचेही डोळे समोरच्याच्या पेनावर असत. आपल्या कागदावर काय आहे ते कोणी पाहिलं नव्हतं.

"हं," कारकून म्हणाला.

बाहेर कॅमेरे होते. प्रवक्त्याने सही झालेलं पान वाचून दाखवलं. पहिल्या दोन शब्दांनंतर तो अडखळला, पण त्याने शेवटपर्यंत वाचलं, आणि सगळ्यांना वाटलं तेलाच्या पैशांचाच करार झाला. माशाचा वास कॅमेऱ्यात येत नाही.

सरहंगांनी कोणालाही काही विचारलं नाही. त्यांनी टाचणी काढली, तारीख भरली, पत्र खिशात घातलं, शिक्के चहावाल्याला दिले आणि हलब्जाच्या वाटेवरच्या सुलेमानीला जाणाऱ्या टॅक्सीच्या अड्ड्यावर जाऊन बसले. त्यांना धरून टॅक्सीत तीन माणसं झाली होती. चौथा आला की गाडी निघणार.

फोन वाजला. गुलाला होती.

"सरहंग, टीव्हीवर सांगतायत. खरं का रे?"

"पत्र खिशात आहे."

"आणि आपल्याकडचे अडकलेले पगार कोण देणार म्हणे?"

"दोघेही. पूर्ण."

"म्हणजे कोणीच नाही."

"असेल. पण मी गाडीत बसलोय, गुलाला."

"मग येताना करंड्या आण चार. नाहीतर राहू दे. तू ये फक्त."

सरहंगांनी घड्याळ पाहिलं. तीन पंचेचाळीस. ते ड्रायव्हरला म्हणाले, "चल बाबा. चौथ्या सीटचे पैसे मी देतो."

ड्रायव्हर दुखावला. "मामोस्ता, माझ्या बापाच्या वयाचे तुम्ही. तुमच्याकडून दोन सीटचे घेतले तर माझ्या बायकोला तलाक."

सरहंगांनी डोळे मिटले. आता चौथा माणूस आल्याशिवाय या गाडीला चाक नव्हतं.

तीन पन्नासला परत फोन. काक लुकमान होते.

"मामोस्ता, या परत. काही झालेलं नाही."

"काय झालेलं नाही?"

"करार."

ते परत गेले. जाताना त्यांनी पाहिलं, चौथा माणूस पिशवी घेऊन गाडीकडे पळत येत होता.

खोलीत दोन्ही बाजू घाम पुसत बसल्या होत्या. अकरा वर्षांत प्रथमच एकमत होतं: काही झालेलं नाही, सह्या झालेल्या नाहीत, मासा झालेला नाही. सरहंगांनी ते लिहून घेतलं. मग ते म्हणाले, "साहेब, एक शंका. हे एकमतच झालं की. म्हणजे वाटाघाटी संपल्या, नाही का?"

अबू मुहन्नदांनी काक लुकमानांकडे पाहिलं. दोघेही थकलेले होते, आणि क्षणभर दोघांच्या मनात तेच आलं असावं.

"लिहा, मामोस्ता," अबू मुहन्नद हळूच म्हणाले. "हे एकमतही झालेलं नाही."

सरहंगांनी लिहिलं. चहावाल्याने न विचारता शिक्के टेबलावर आणून ठेवले. मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर स्वतःचं लिहिलं:

'प्रति, दोन्ही सरकारे (संयुक्तपणे). महोदय, निम्नस्वाक्षरीकार मंगळवारी दुपारी ३.१० ते ३.५० या वेळेत निवृत्त होता. सदर चाळीस मिनिटे झालेली नाहीत, हे मान्य आहे. तरी न झालेली ही चाळीस मिनिटे निम्नस्वाक्षरीकाराच्या खाती शिल्लक धरावीत, आणि ती चालू मोसमात, तोडणीच्या पहिल्या दिवशी, हलब्जा येथे, पत्नीसमवेत, मध्ये फोन न येता उपभोगण्यास परवानगी मिळावी. परवानगीवर दोन्ही बाजूंनी सही करावी. आधी कोणी केली तरी निम्नस्वाक्षरीकाराची हरकत नाही.'