वाडीच्या मुलांना कोण आणतं?

पालक मेळाव्यात कोणाकोणाचा सत्कार करायचा, याची यादी माधुरीबाईंनी एका बैठकीत केली. वर्गातले पंखे दुरुस्त करून देणारे निकेश, सहलीला सोबत येणाऱ्या दोघी आया, बागेला खत आणून देणारे एक आजोबा. मुख्याध्यापिका सुमती मॅडमनी यादी वाचली आणि सहज म्हणाल्या, "आणि वाडीच्या मुलांना कोण आणतं गं?"

पनवेलबाहेर टेकडीखाली कातकऱ्यांची वाडी होती. तिथली अकरा मुलं माधुरीबाईंच्या वर्गात होती. दिवाळीआधी ती मनाला येईल तेव्हा उगवायची. आता रोज प्रार्थनेच्या आधी अकराच्या अकरा हजर. तोंडं धुतलेली, केस विंचरलेले. हजेरी भरताना बाईंना बरं वाटायचं, पण हे झालं कसं, हे विचारायचं कधी सुचलंच नव्हतं. आता मात्र डोक्यात किडा वळवळू लागला.

त्यांनी मुलांना विचारलं.

"मावशी आणते."

"कोण मावशी?"

"मावशी म्हंजे मावशी," एकजण म्हणाला. त्याला तो प्रश्नच विचित्र वाटला.

दुसऱ्या दिवशी बाई लवकर निघाल्या आणि नव्या रस्त्याच्या वळणावर चहाच्या टपरीआड उभ्या राहिल्या. डंपर धुरळा उडवत चालले होते. थोड्या वेळाने पलीकडून एक बाई आली. तिने हातात लांब बांबू आडवा धरलेला आणि त्याला धरून ओळीने अकरा मुलं. रस्त्याच्या कडेला ती थांबली, डंपर जाऊ दिला, मग हात वर करून ओरडली, "सोडू नका रं, चला!" अख्खी माळ एका दमात इकडे आली. तिने प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत मोजलं, बांबू कुंपणाला टेकवून ठेवला आणि शाळेच्या फाटकाकडे न बघताच उलट वळली.

माधुरीबाई जवळजवळ धावतच तिच्या मागे गेल्या. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून एक टॉवर उभा राहत होता, तिथे ती कामाला जात होती.

"अहो, थांबा जरा! तुमचं नाव काय?"

बाई दचकली. "हौसा. मालूची आई. पोरीनं काय केलं का?"

"मालूनं काही नाही केलं. तुम्ही केलंय. एवढ्या मुलांना तुम्ही रोज आणता?"

"मालूला एकलीला हा रस्ता वलांडू देत नव्हते. मंग तिला आणायचं तर बाकीची काय वाटंत सोडू? त्यांच्या आया पहाटंच कामाला जातात. मलाबी इकडंच यायचं असतं."

"पण तुम्ही फाटकाच्या आत कधीच आला नाहीत."

"आत माझं काय काम?"

बाईंनी मेळाव्याचं सांगितलं. सगळ्यांसमोर शाल, नारळ, टाळ्या. हौसाला हसू आलं. "धा वाजता? तवा मी आठव्या मजल्यावर आसते. आन शाल पांघरून विटा उचलू व्हय?" मग ती जरा घुटमळली. "बाई, एक इचारू? रागावणार नाय ना?"

"विचारा की."

"आमची जेवायची सुट्टी आसते तवा तुमच्या शाळंतून पोरांचा हसायचा आवाज येतो. रोज. एकदम खदाखदा. आमी बाया डबा खाताना म्हणतो, शिकताना एवढं हसू कशाचं येतं? मालूला इचारलं तर ती सांगताना सोताच हसते, सांगत काय नाय."

तो माधुरीबाईंचाच तास होता. जेवणानंतर मुलं पेंगतात म्हणून त्या गोष्ट वाचत, आवाज काढून. तो आवाज भिंतीपलीकडे कुणी कान देऊन ऐकतंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"उद्या जेवायच्या सुट्टीत या," त्या म्हणाल्या. "आत या. बघा काय ते."

हौसा आली. पाय धुऊन, डोक्यावरचं फडकं सोडून, दाराशी अवघडून उभी राहिली. मालूने तिला ओढत आपल्या शेजारी बसवलं. बाईंनी आधी मुलांना उभं केलं. "ह्यांच्यामुळे आपले अकरा जण रोज वेळेवर येतात. सगळ्यांनी मोठ्यांदा थँक्यू म्हणा." चाळीस गळे एकदम ओरडले. हौसाने पदरात तोंड लपवलं.

मग गोष्ट सुरू झाली. एक घुबड न्हाव्याकडे दाढी करायला जातं. बाईंनी न्हाव्याचा नाकातला आवाज काढला, मग घुबडाचा बारीक, किरटा आवाज. वर्ग फुटला. हौसाही हसली, पण लगेच मान हलवून म्हणाली, "बाई, घुबाड आसं नाय बोलत."

"मग कसं बोलतं?"

हौसाने दोन्ही तळवे तोंडाशी ओंजळीसारखे धरले. खोल, घुमणारा हुंकार वर्गभर फिरला. मग जो गलका झाला, तो ऐकून सुमती मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या.

"परत! मावशी, परत!"

तिने परत काढला. मालू गर्वाने सगळ्यांकडे बघत होती.

मेळाव्यात हौसाचं नाव पुकारलं, तेव्हा शाल घ्यायला मालू गेली. पण माधुरीबाईंनी आणखी एक गोष्ट केली. गोष्टीचा तास त्यांनी दहा मिनिटं अलीकडे घेतला, म्हणजे बांधकामावरच्या सुट्टीत तो पुरा बसावा. पहिल्या आठवड्यात हौसा एकटी आली. पुढच्या सोमवारी तिच्याबरोबर आणखी तिघी होत्या, हातात जेवणाचे डबे तसेच घेऊन. त्या दाराशी थबकल्या.

"आमी आलो तर चालंल ना?" त्यांतल्या एकीने विचारलं. "घुबडाची दाढी झाली का, तेवढंच बघायचंय."

बाईंनी बाक सरकवला.