तांबडीचे खूर

आमच्या गाई आम्हाला पोटच्या पोरींसारख्या, असं सासरे येईल त्याला ऐकवायचे. त्यांना मुलगी नव्हती, म्हणून खपून जायचं. सहाही गाई वर्षानुवर्षं त्याच खुंट्यांना बांधलेल्या. खाणं तिथेच, शेण तिथेच आणि बसणंही त्याच शेणात.

मग नवा नियम आला. जनावरांना रोज चार तास मोकळं सोडायचं, नाहीतर डेअरी दूध घेणार नाही. सासऱ्यांनी आठवडाभर सरकारचा उद्धार केला. शेवटी नवऱ्याने मागच्या अंगणात खांब रोवून तार ओढली, मी गोठा घासून काढला, आणि तपासनीस आला. नाकावर मास्क, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या. मला त्याची किळस आली, आणि आपल्या घराला येणाऱ्या वासाचीही.

गाई रोज फिरतात, सासऱ्यांनी बेधडक ठोकून दिलं. मग सोडा की, तो म्हणाला.

पाच गाई अडखळत का होईना, बाहेर पडल्या. सगळ्यांत थोरली तांबडी हलेना. दावं सोडलं होतं, तरी दावं पुरायचं तेवढीच मान तिने पुढे केली आणि थांबली. नवऱ्याने शेपूट पिरगाळलं, तेव्हा एक पाऊल टाकून ती गुडघ्यांवर आली. तिचे खूर वाढून वर वळले होते. मी रोज तिची धार काढायचे. मला ते दिसत नव्हते असं नाही.

तपासनिसाने मास्क खाली घेतला. "ताई, खरं सांगा. ही शेवटची बाहेर कधी आली होती?"

सासरे डोळे वटारून बघत होते. निदान आता तरी कोणी हिच्याकडे लक्ष देईल, या आशेने मी बोलले. "माझं लग्न झाल्यापासून तरी नाही. अकरा वर्षं झाली."

त्याने लिहून घेतलं. अधू जनावर असं ठेवता येत नाही, सहा महिने डॉक्टरचे उपचार करा, नाहीतर इथून हलवा, असं म्हणाला.

"हलवतो," सासरे लगेच म्हणाले.

कुठे, ते त्याने विचारलं नाही. कागदावर तसा रकाना नसावा. पाच गाई, गोठा पास, एवढं लिहून तो गेला.

गोहत्येला बंदी असली तरी दुपारी कसायाचा टेंपो आला. तांबडीला चढता येईना, तेव्हा कसायासकट आम्ही चौघांनी तिला उचलून आत ढकललं.

"खरं बोलायची हौस फिटली का, सूनबाई?" सासऱ्यांनी विचारलं.

टेंपोची मागची फळी मीच लावली होती.