ऑरिनचा पाइप

“काढून फेका ते सगळं, डेल्मरकाका,” ब्रूस तळघराच्या जिन्यावरून म्हणाला. “बाबांनी बसवलेली एक तरी वस्तू या घरात धड चालली का?”

झिरपलेलं पाणी ज्यात साचतं त्या कोपऱ्यातल्या खड्ड्यापाशी पालथा पडून, खांद्यापर्यंत हात आत घालून डेल्मर ते पाणी बाहेर टाकणारा पंप चाचपत होता. आयोवातल्या या गावाची तळघरं कोरडी ठेवण्यात त्याची एक्केचाळीस वर्षं आणि दोन्ही गुडघे खर्ची पडले होते. गावात कित्येकांनी त्याला ओल्या बुटांशिवाय पाहिलंच नव्हतं.

“तू वर जा बघू. त्याला काम करू दे,” आर्लिस मुलाला म्हणाली.

“जातो. पण आई, परत पाणी शिरलं तर घर विकायचं आणि तू माझ्याकडे यायचं. ठरलंय आपलं.”

ब्याऐंशीव्या वर्षी मुलाच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला जायची नुसती कल्पनाही आर्लिसला सहन होत नसे. नवरा, ऑरिन, डिसेंबरात गेला. हा पंप म्हणजे त्याचं शेवटचं काम, ऑक्टोबरातलं. एप्रिलच्या पावसात मोटर दिवसभर घरघरली, थेंबभर पाणी बाहेर न टाकता जळाली, आणि बिटाच्या लोणच्याच्या बरण्यांची खालची फळी बुडाली.

मायलेक वर गेले. डेल्मरने पंप पाइपासकट बाहेर ओढला आणि काय झालं ते त्याला कळून चुकलं. पंपाच्या थोडं वर, पाइपाला एक बारीक भोक पाडायचं असतं, काडीच्या जाडीचं. ते नसलं तर पंप आणि वरची झडप यांच्यामध्ये हवा कोंडते आणि मोटर नुसती फिरत राहते. ऑरिनने ते पाडलंच नव्हतं. पाइपावर मात्र काळ्या शाईने ठळक लिहिलं होतं, ‘बसवला ऑरिनने. आर्लिस, आता खुशाल सपाता घालून खाली ये.’

डेल्मरला आधी राग आला, मग गलबलून आलं.

“गाढवा, मला एक फोन तरी करायचास,” तो पुटपुटला.

त्याने गाडीतून नवा पाइप आणला नाही. ड्रिल काढलं, ऑरिनच्या अक्षरांना धक्का न लावता खाली भोक पाडलं आणि तोच पाइप नव्या पंपावर घट्ट बसवला. झडपेवरचा बाण वर आहे ना, पाणी चढलं की मोटर सुरू करणारा तरंगता गोळा कुठे अडकत नाही ना, हे तीनतीनदा पाहिलं. मग दोघांना हाक मारली.

ब्रूसने खड्ड्यात बादल्या ओतल्या. गोळा वर आला, मोटर सुरू झाली, पाणी भसाभसा बाहेर गेलं. पाइपातून एक बारीक धार खड्ड्यातच उडत होती.

“गळतंय की हो!”

“गळत नाही. ते भोक मुद्दाम ठेवतात. नवशिके विसरतात. तुझ्या बापाने आठवणीने पाडलंय,” डेल्मर म्हणाला. गिऱ्हाइकाशी तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होता.

“मग पंप बंद का पडला?”

“मोटर जळाली. मोटर काय तुझ्या बापाने घरी बनवली होती?”

ब्रूस वाकला. पाइपावरचं अक्षर त्याने दोनदा वाचलं.

“मला वाटलं, त्यांचंच चुकलं,” तो हळूच म्हणाला. मग आईकडे वळला. “राहा बाई इथेच. पण फोन रोज करायचा.”

तो वर गेला. आर्लिस सावकाश खाली बसली. खड्ड्याच्या काठावर पाइपाच्या प्लास्टिकचा एक पांढरा, ताजा किस पडला होता. तो तिने चिमटीत उचलला.

“ऑक्टोबरात तो पाइप बसवत होता तेव्हा टॉर्च मीच धरला होता, डेल्मर.”

डेल्मरचे कान लाल झाले. तो पाने-पकडी पेटीत भरू लागला. आर्लिसने किस एप्रनच्या खिशात टाकला.

“कॉफी गार होतेय. वर ये.”

ती जिना चढू लागली तेव्हा त्याचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. पायात घरातल्या कापडी सपाता होत्या, ठणठणीत कोरड्या.